अपघात एक गोष्ट, मृत्यू दुसरी: रस्त्यावर रोज पावणेपाचशे माणसं का मरतात?

२०२३ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजार ८९० माणसं गेली. रोजची पावणेपाचशे, दर तासाला वीस. २०२४ साठी संसदेत सांगितलेला आकडा त्याहून मोठा, म्हणजे सुमारे १ लाख ७७ हजार आहे. २०२३ च्या मृतांमध्ये महाराष्ट्रातले पंधरा हजारांवर होते. उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूनंतर आपला तिसरा क्रमांक लागतो.

एवढी माणसं जातात, पण त्यांची बातमी दोन ओळींची असते. गाडी भरधाव होती, चालकाचं नियंत्रण सुटलं, तिघे जागीच ठार. वाचणाराही मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा होतो: वेगात असणार, नाहीतर प्यायलेला असणार. चौकशी जिथे सुरू व्हायला हवी तिथेच ती थांबते.

कारण प्रश्न दोन आहेत. गाडी धडकली का, हा एक. आणि धडकल्यावर आतला किंवा समोरचा माणूस मेला का, हा दुसरा. पहिल्याची उत्तरं आपण रोज चघळतो. दुसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, आणि जीव वाचवण्याचे बहुतेक उपाय त्या दुसऱ्या प्रश्नातच आहेत.

## एकच अपघात, जवळून

४ सप्टेंबर २०२२, रविवारची दुपार. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गुजरातहून मुंबईकडे येत होते. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर त्यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडीत चौघे होते. पुढच्या सीटवरचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवरचे दोघे, मिस्त्री आणि त्यांचे स्नेही, जागीच गेले. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता.

गाडी बनवणाऱ्या कंपनीने गाडीतल्या नोंदींवरून पोलिसांना कळवलं की धडकेच्या काही सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता. ब्रेक लागले, आणि प्रत्यक्ष धडक बसली तेव्हा तो ८९ होता. दिवस लख्ख, गाडी नावाजलेली, आत एअरबॅग. ज्या ठिकाणी हे घडलं तिथे पुलापाशी तीन मार्गिकांच्या दोन होतात. तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनी पुलाचा कठडा रस्त्याच्या कडेच्या जागेत पुढे आल्याकडे बोट दाखवलं होतं.

आता या अपघाताचं कारण काय? वेग म्हणाल तर खरं. मार्गिका वेळेत न बदलणं म्हणाल तर तेही खरं. पण तोच कठडा तिथे पुढे आलेला नसता, किंवा त्याच्या तोंडाशी धक्का शोषणारा अडथळा बसवलेला असता, तर तीच चूक गाडी घासण्यावर निभावली असती. आणि धडक होऊनही मागे बेल्ट असता तर जगण्याची शक्यता पुष्कळ वाढली असती. एका मृत्यूपर्यंत पोहोचायला इतक्या गोष्टी एकाच वेळी चुकाव्या लागतात. त्यातली कुठलीही एक तोडली तरी माणूस घरी येऊ शकतो. सगळा विषय इथे आहे.

## वेग नेमकं काय करतो

'वेग कमी ठेवा' ही पाटी इतकी सवयीची झाली आहे की ती आता डोळ्यांना दिसतही नाही. तेव्हा गणितच करून पाहू.

धावत्या गाडीत जी ऊर्जा साठलेली असते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ताशी ५० किलोमीटरने भिंतीवर आदळणं म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. १०० ने आदळणं म्हणजे सहाव्या नव्हे, तेराव्या मजल्यावरून. चारोटीच्या पुलावरचा ८९ चा वेग दहाव्या मजल्याइतका भरतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कुणी वाकलं तरी आपण ओरडतो, पण स्पीडोमीटरचा काटा ५० वर असताना 'हळू चाललोय' म्हणतो.

दुसरी बाब थांबण्याच्या अंतराची. समोर काही दिसल्यावर मेंदूला ते कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीडेक सेकंद जातो. त्या वेळात गाडी आधीच्याच वेगाने पुढे जात असते. समजा महामार्गावरच्या एखाद्या फाट्यावर शाळेतून सुटलेली मुलगी ३५ मीटरवर अचानक रस्त्यात आली. रस्ता कोरडा आहे, ब्रेक चांगले आहेत.

गाडी ताशी ५० ने येत असेल तर ब्रेक लागेपर्यंत २१ मीटर संपतील, पुढच्या १४ मीटरमध्ये गाडी थांबेल. मुलीच्या अगदी जवळ, पण थांबेल. तीच गाडी ६० ने येत असेल तर ब्रेक लागेपर्यंत २५ मीटर जातील, उरलेल्या १० मीटरमध्ये ती थांबणार नाही. मुलीला ती ताशी चाळीसच्या वर वेगाने धडकेल. आणि ८० ने येत असेल तर ब्रेकवर पाय पडेपर्यंतच ३३ मीटर संपलेले असतात. धडक जवळजवळ पूर्ण ८० च्याच वेगाने बसते.

५० आणि ६० मध्ये फक्त दहाचा फरक आहे. एका बाजूला मुलगी घाबरून घरी जाते, दुसऱ्या बाजूला तिला रुग्णालयात न्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. 'माझा हात सरावलेला आहे, मला वेग सांभाळता येतो' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा हात सरावलेला असेलही. पण दीड सेकंदाचं आणि वर्गाचं गणित सराईताला सवलत देत नाही.

## एका अपघातात तीन धडका असतात

पहिली धडक गाडीची. गाडी थांबते, पण आतला माणूस आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो आणि डॅशबोर्डवर, काचेवर किंवा पुढच्या सीटवर आदळतो. ही दुसरी. मग शरीर थांबतं, पण आतला मेंदू, यकृत, हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी हे अवयव पुढे जातात आणि हाडांवर आदळतात किंवा जागेवरून फाटतात. ही तिसरी. 'बाहेरून काहीच लागलं नव्हतं हो, चांगलं बोलत होता' असं जे नातेवाईक सांगतात, ते या तिसऱ्या धडकेमुळे.

बेल्ट आणि हेल्मेट यांचं काम एवढंच की शरीराला थांबायला थोडा जास्त वेळ आणि थोडी जास्त जागा मिळावी. गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चेपणारा बनवलेला असतो. बेल्ट लावलेला माणूस सीटला बांधलेला राहतो, त्यामुळे त्या चेपण्याचा फायदा त्याला मिळतो. बेल्ट नसेल तर गाडी थांबून गेल्यावर तो एकटाच आदळतो. एअरबॅग बेल्टच्या जोडीने काम करण्यासाठी बनवलेली आहे, बेल्टऐवजी नव्हे.

मागच्या सीटवर बेल्ट कशाला, हा आपल्याकडचा पक्का समज आहे. कायद्याने तो मागेही बंधनकारक आहे, न लावल्यास हजार रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा हे लक्षात घ्यावं की मागचा बेल्ट न लावलेला माणूस पुढच्या सीटवर मागून आदळतो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्यालाही मारू शकतो. घरच्या गाडीत मागे बहुतेक वेळा आई, आजी आणि मुलं बसतात. सीट कव्हर घालताना मागच्या बेल्टची बकलं गादीखाली गडप होतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. आज खाली जाऊन ती बाहेर काढा, एवढी माझी कळकळीची विनंती.

हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर हाच त्याचा जीव. वरचं कवच टणक असतं, पण डोकं आपटताना चेपून धक्का शोषतो तो आतला थर. म्हणून रस्त्याकडेला मिळणारी नुसती प्लास्टिकची टोपी निरुपयोगी आहे. आयएसआय खूण बघूनच घ्यावं, आणि हनुवटीखालचा पट्टा आवळून लावावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच डोक्यावरून निघून जातं आणि डोकं उघडं राहतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलावं, कारण आतला थर चेपला की परत फुगत नाही.

पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघालेले आहेत. शहरात वेग कुठे असतो, हा त्यामागचा मुख्य युक्तिवाद. ताशी ४० म्हणजे दुसरा मजला. आणि उभ्या माणसाचं डोकं फरशीवर आपटलं तरी कवटी फुटू शकते, त्याला वेगाची गरजच नसते. उकाडा होतो, मान दुखते या तक्रारी खोट्या नाहीत, त्यासाठी हलकी, हवेशीर आणि मापाची हेल्मेट मिळतात. पण चांगल्या हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे चाळीस टक्क्यांनी घटतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून सिद्ध झालं आहे. याच्यापुढे कुठला युक्तिवाद टिकतो, मला कळत नाही.

## मरतं कोण?

रस्ते अपघात म्हटलं की डोळ्यांपुढे चेपलेली कार येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे २०२२ चे तपशीलवार आकडे वेगळंच सांगतात. त्या वर्षी १ लाख ६८ हजार ४९१ जण गेले. त्यातले साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे होते. जवळपास वीस टक्के, म्हणजे ३२ हजार ८२५, पायी चालणारे होते. कारमधले साडेबारा टक्के. दर तीन मृतांपैकी जवळजवळ दोघांच्या भोवती पत्र्याचं कवचच नव्हतं.

त्याच वर्षी हेल्मेट नसलेले ५० हजार २९ आणि बेल्ट नसलेले १६ हजार ७१५ जण गेले. हेल्मेट असतं तर सगळे वाचले असते असं नाही. कंटेनरच्या चाकाखाली हेल्मेट काय करणार? पण चाळीस टक्क्यांचा हिशेब धरला तरी वर्षाला वीस हजार घरांचा प्रश्न आहे. मृतांपैकी दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाचे असतात. त्यांच्यावर घर चालत असतं.

पादचाऱ्यांबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो. गावाच्या मधून सहापदरी रस्ता जातो. एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला शाळा, एसटी थांबा, दवाखाना. ओलांडायला पूल दीड किलोमीटरवर, किंवा असेल तर पन्नास पायऱ्यांचा. म्हातारी बाई डोक्यावर पाटी घेऊन दुभाजकाच्या फटीतून जाणार, हे रस्ता आखणाऱ्याला कळायला नको होतं का?

## 'रस्ते खराब, म्हणून अपघात' – खरं आहे का?

थोडंसंच. खड्ड्यांमुळे २०२२ मध्ये १ हजार ८५६ लोक गेले. यातला एकही मृत्यू क्षम्य नाही. पण तो एकूण मृत्यूंचा एक टक्का झाला.

उलट, चांगले रस्ते जास्त मारतात. राष्ट्रीय महामार्ग देशातल्या एकूण रस्त्यांच्या लांबीच्या सुमारे दोन टक्के आहेत, आणि मृत्यू त्यांच्यावर ३६ टक्के होतात. राज्य महामार्ग धरले तर हा वाटा साठ टक्क्यांपर्यंत जातो. २०२२ मधले ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर झाले. घाटात, वळणावर, धुक्यात आपण जपून चालवतो. सरळ, गुळगुळीत रस्त्यावर ऊन पडलेलं असताना पाय आपोआप दाबला जातो.

याचा मोठा पुरावा टाळेबंदीच्या वर्षी मिळाला. २०१९ मध्ये साडेचार लाखांच्या आसपास अपघात झाले होते, २०२० मध्ये ते ३ लाख ६६ हजारांवर आले. रस्ते रिकामे, अपघात कमी. पण शंभर अपघातांमागे मरणारे सुमारे ३४ वरून ३६ झाले. कोंडीत गाड्या घासतात, पत्रे चेपतात, भांडणं होतात, माणसं सहसा मरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर अपघात कमी होतात, पण झाले की मारतात.

समृद्धी महामार्गावर हे सगळ्यांनी पाहिलं. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बस दुभाजकाला धडकून उलटली, पेटली आणि २५ जण गेले. बस दाराच्या बाजूवर पडल्यामुळे दारच बंद झालं. जे थोडे वाचले ते काच फोडून बाहेर आले. बस उलटली हा अपघात. बाहेर पडायला वाट नव्हती म्हणून पंचवीस मृत्यू. काचा फोडायची हातोडी, उघडणारा संकटकालीन दरवाजा, छतातला मार्ग हे तपासणीच्या कागदावरचे किरकोळ रकाने वाटतात, तोवरच.

## 'आपल्या लोकांना शिस्तच नाही, त्याला कोण काय करणार?'

हा आक्षेप हमखास येतो. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. फोनवर बोलत दुचाकी चालवणारे, अप्पर लावून समोरच्याला आंधळं करणारे, अठराच्या आतल्या पोराच्या हातात किल्ली देणारे आईबाप आपण रोज पाहतो. अल्पवयीन मुलाने अपघात केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे, हे त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

पण मग मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं काय? २०१६ मध्ये या मार्गावर १५१ माणसं गेली. त्यानंतर सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलिसांनी मिळून काम सुरू केलं. प्रत्येक जीवघेण्या अपघाताच्या जागी जाऊन माणूस कशावर आदळून मेला, याचा शोध घेतला. कुठे पुलाचा उघडा खांब, कुठे संरक्षक पत्र्याचं भाल्यासारखं पुढे आलेलं टोक, कुठे कडेला तासन्‌तास उभा राहिलेला ट्रक. ती टोकं झाकली, खांबांपुढे अडथळे बसवले, उभ्या गाड्या हलवल्या, वेगावर नजर ठेवली, रुग्णवाहिका सुधारल्या. २०२३ पर्यंत मृत्यू २०१६ च्या निम्म्याच्याही खाली आले होते. चालक तेच होते, मुंबई-पुण्याचेच. त्यांना मधल्या काळात कुणी वेगळं वळण लावलं नव्हतं.

स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत जे धोरण मंजूर केलं त्याचा गाभा हाच होता. माणूस चुकणारच, असं गृहीत धरायचं आणि त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू होणार नाही असा रस्ता, अशी गाडी आणि अशी वेगमर्यादा आखायची. तिथे लाख लोकसंख्येमागे वर्षाला दोनेक माणसं रस्त्यावर मरतात, आपल्याकडे बारा. 'आपली लोकसंख्याच मोठी' या म्हणण्याचं उत्तरही इथेच मिळतं, कारण हा हिशेब लोकसंख्येने भागूनच केलेला आहे.

बेशिस्त म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, त्यातलं बरंच रस्त्यानेच घडवलेलं असतं. राँग साइडने येणारा दुचाकीवाला घ्या. त्याचं शेत समोर दिसतंय, पण वळायची जागा तीन किलोमीटर पुढे आहे. जाऊन-येऊन सहा किलोमीटरचं पेट्रोल रोज घालण्यापेक्षा तो पाचशे मीटर उलटा येतो. त्याचं चुकतंच, आणि त्यात तो जीवही गमावतो. पण सर्व्हिस रोड दिला असता तर ही चूक करायची वेळच आली नसती. पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतारही असाच. इंधन वाचवायला जड वाहनं न्यूट्रलवर सोडली जातात, ब्रेक तापून निकामी होतात आणि खालच्या रांगेत घुसतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका जड वाहनाने डझनावारी गाड्या चेपल्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा तिथेच माणसं गेली. दर वेळी चालक वेगळा असतो. उतार मात्र तोच आहे.

## मग सरकारी आकड्यांत 'अतिवेग'च का दिसतो?

२०२२ च्या अहवालात ७१ टक्के मृत्यूंचं कारण अतिवेग दिलं आहे, दारू अडीच टक्के. हे वाचताना ही नोंद कोण करतं ते लक्षात ठेवावं. अपघातस्थळी पोचतो तो पोलीस हवालदार. त्याला वाहतूक सुरळीत करायची असते, प्रेतं हलवायची असतात, जमाव आवरायचा असतो. टायरच्या खुणा मोजून वेग काढायला त्याच्याकडे ना वेळ असतो ना साधनं. गुन्हा कुणावर तरी दाखल करायचा असतो, आणि तो चालकावरच करता येतो. पुलाच्या कठड्यावर कोण गुन्हा लिहिणार? दारूचंही तसंच, प्रत्येक मृत चालकाचं रक्त तपासलं जातंच असं नाही, त्यामुळे खरा आकडा अडीच टक्क्यांहून मोठा असण्याची दाट शक्यता आहे.

अतिवेग खोटा आहे असा याचा अर्थ नाही. वर पाहिलं तसं जवळपास प्रत्येक मृत्यूत वेग असतोच. पण तो एकच रकाना भरला की बाकीची कारणं कागदावर उरत नाहीत, आणि जे कागदावर नाही ते दुरुस्तही होत नाही.

रात्री रस्त्यात उभ्या असलेल्या किंवा दिव्याशिवाय हळू चाललेल्या वाहनाला मागून धडक, हे असंच एक हरवलेलं कारण. ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात चाललेला असतो. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, असली तर उसाच्या वाड्याखाली झाकलेली. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसतो तेव्हा दीड सेकंदही हातात नसतो. पोलीस लिहितात, दुचाकी भरधाव होती. शे-दीडशे रुपयांची लाल पट्टी आणि ती झाकली जाणार नाही एवढी काळजी, हा यावरचा उपाय. काही साखर कारखाने हंगामाच्या सुरुवातीला पट्ट्या लावून देतात. सगळ्यांनी ते सक्तीने करावं.

## धडकेनंतरचा तास

गंभीर मार लागल्यावरचा पहिला तास म्हणजे 'गोल्डन अवर'. मोटार वाहन कायद्यातच त्याची व्याख्या आहे. या तासात रक्तस्राव थांबला आणि श्वासाची वाट मोकळी राहिली तर पुष्कळ जीव वाचतात. अडचण अशी की बघ्यांची गर्दी जमते, व्हिडिओ निघतात, पण हात कुणी लावत नाही. पोलिसांचं लचांड मागे लागेल ही भीती असते.

ही भीती आता कायद्याने काढून टाकली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कलम १३४अ म्हणून कायद्यात आलं. जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे. दारात पैसे मागितले गेले तर या योजनेचं नाव घ्या.

प्रत्यक्ष मदत करताना १०८ ला फोन करा आणि जागा नेमकी सांगा. महामार्गावर कडेला किलोमीटरचे दगड असतात, तो आकडा वाचून सांगितला की रुग्णवाहिका चुकत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने तिथे घट्ट दाबून धरा. मान आणि पाठ हलवू नका. दुचाकीस्वाराचं हेल्मेट ओढून काढू नका, श्वास अडला असेल तरच दोघांनी मिळून, मान सरळ धरून काढा. तोंडात पाणी ओतू नका. हे शेवटचं विशेष सांगतो, कारण आपल्याकडे पहिली धाव पाण्याच्या बाटलीकडे असते, आणि बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते पाणी जाऊ शकतं.

## जबाबदार कोण, आणि कुणाला विचारायचं?

२०१५ मध्ये ब्राझीलिया इथल्या जाहीरनाम्यावर सही करून भारताने २०२० पर्यंत रस्त्यांवरचे मृत्यू निम्मे करायचं कबूल केलं होतं. २०१५ मध्ये आकडा १ लाख ४६ हजार होता. आज तो पावणेदोन लाखांच्या वर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी लोकसभेत म्हणाले की आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये अपघातांचा विषय निघाला की तोंड लपवावंसं वाटतं. सदोष प्रकल्प अहवाल आणि ते बनवणारे अभियंते याला जबाबदार आहेत, असंही त्यांनी वेळोवेळी जाहीरपणे सांगितलं आहे. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण मंत्र्याने ते म्हणून भागत नाही, कारण त्यासाठीचं कलम त्यांच्याच खात्याच्या कायद्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ नुसार रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे न केल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर संबंधित यंत्रणेला, कंत्राटदाराला वा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. हेल्मेट नसलेल्याला हजार आणि मारणारा रस्ता बांधणाऱ्याला फार तर एक लाख, ही तफावत मला अस्वस्थ करते. आणि हेल्मेटची पावती नाक्यानाक्यावर फाटते, या कलमाखालच्या कारवाईची बातमी मात्र क्वचितच वाचायला मिळते.

आपल्या भागात काय करता येईल, हेही सांगतो. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट', म्हणजे अपघातप्रवण ठिकाण ठरते आणि ती दुरुस्त करणं यंत्रणेवर बंधनकारक होतं. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, आरटीओ, सार्वजनिक बांधकाम खातं आणि महामार्गाची यंत्रणा त्या समितीवर असतात. आपल्या तालुक्यातल्या ब्लॅक स्पॉटची यादी, प्रत्येक ठिकाणी काय दुरुस्ती ठरली आणि ती कधी झाली, ही माहिती या समितीकडे लेखी मागता येते, न दिल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. ग्रामपंचायतीचा ठराव जोडला तर अर्जाला वजन येतं. अर्जात रस्त्याचा क्रमांक, किलोमीटरच्या दगडाचा आकडा आणि त्या जागी गेलेल्या माणसांच्या गुन्हा नोंदणीचे क्रमांक लिहा. नुसतं 'फाट्यावर फार अपघात होतात' असं लिहिलेला कागद टेबलावरच राहतो.